नोंदीतली चार मिनिटं

सकाळी साडेसहाला पोरांच्या घरच्या फोनांवर गणित जायचं, आणि सहा पस्तीसपासून दीनानाथ गुरुजींचा फोन वाजायला लागायचा. फोन उचलायचा नसे, नुसता ऐकायचा असे. एका नंबरावरून एकदा वाजून बंद पडला तर त्या पोराला गणित सुटलं. दोनदा वाजला तर समजलं नाही. हा नियम गुरुजींनीच घातला होता. आता बोलणं फुकट झालं होतं, पोरांनी सरळ फोन करून विचारलं असतं तरी कुणाचा खर्च होणार नव्हता; पण छत्तीस वर्षं शिकवून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की ‘मला समजलं नाही’ हे तीन शब्द पोराच्या तोंडून निघणं फार अवघड असतं. दोनदा वाजवणं सोपं. म्हणून ते वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून खिडकीपाशी बसत आणि नावापुढे एक काडी किंवा दोन काड्या ओढत. बहुतेक दिवशी वीस-बावीस एक आणि सात-आठ दोन. त्या शनिवारी पहिल्या नावापुढे दोन काड्या पडल्या. दुसऱ्यापुढे दोन. मग दोन, दोन, दोन. पावणेसात झाले तेव्हा सव्वीस नावांपुढे दोन-दोन काड्या उभ्या होत्या आणि पान एखाद्या काटेरी कुंपणासारखं दिसायला लागलं होतं. इतकी वर्षं शिकवलं, पण सगळा वर्ग एकाच वेळी अडला असं कधी झालं नव्हतं. सगळा वर्ग अडतो तेव्हा चूक वर्गाची नसते, हे गुरुजीच इतर मास्तरांना सांगत आलेले.

फोनवर त्यांनी गेलेला मजकूर उघडला. वेचणीचे दिवस होते. कपाशीला गेलेल्या बायांच्या ओटीत फोनही शेतात जातो, म्हणून गणित साडेसहालाच पोरांच्या हाती पडायला हवं, असा सगळा बेत. पण गणित नव्हतंच. त्या जागी लिहिलेलं होतं: ‘दीनानाथ, आज मंगळवार. जेवणाआधी पांढरी गोळी, जेवल्यावर पिवळी. गॅस बंद केलास का ते बघ. नीला गेली. फेब्रुवारीत. तिला हाक मारू नकोस.’ गुरुजींनी ते एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली. वडीगोद्रीच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या एकतीस पोरांनी आणि एकतीस पोरांच्या घरच्यांनी आज उठल्या उठल्या हे वाचलं होतं. एकतीसच नव्हे, बत्तीस. यादीत पहिला नंबर पुण्याला असलेल्या स्वानंदचा होता, त्यांच्या मुलाचा. गणित वेळेवर जातंय का ते कळावं म्हणून त्यानेच तो घातला होता. हे लक्षात येतंय तोच फोन पुन्हा वाजला. एकदा वाजून थांबला नाही, दोनदा वाजूनही थांबला नाही, वाजतच राहिला. स्वानंदच होता. गुरुजींनी फोन उताणा होता तो पालथा केला आणि त्याच्यावर वही ठेवली, जणू वहीखाली दबून तो गप्प बसणार होता.

दिवाळीत दूध करपलं होतं. दूध करपणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. पण घरभर धूर झाला तरी गुरुजी शेजारच्या खोलीत शांत बसून होते, आणि स्वानंदने विचारलं तेव्हा म्हणाले, नीला आहे ना स्वयंपाकघरात. म्हणाले, म्हणजे म्हणणार होते. ‘नी’ तोंडातून निघाला आणि त्यांनी तो खोकल्यात बुडवला. स्वानंदला तेवढं कळलं नाही, पण दूध कळलं. निघताना बूट घालता घालता तो म्हणाला होता, “बाबा, आणखी एकदा जरी असं काही झालं तर मी ऐकणार नाही. जालन्याचं घर बंद, तुम्ही पुण्याला. आणि ते गणिताचं काम पण बंद. ते माझ्या खात्यावर चालतं, मला बंद करायला एक मिनिट लागतं.” तो रागावून बोलला नव्हता. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. पुण्याचं घर वाईट नव्हतं, सूनबाई वाईट नव्हती. पण तिथे सकाळी साडेसहाला कुणी त्यांना दोनदा वाजवून ‘समजलं नाही’ असं सांगणारं नव्हतं. तेवढं गेलं की मग ते कोण उरणार होते, पांढऱ्या गोळीच्या आधीचे आणि पिवळ्या गोळीच्या नंतरचे?

त्यांनी संगणक उघडला. काळा पडदा आला, त्यावर पांढरी रेघ लुकलुकायला लागली. स्वानंदने पहिल्यांदा हे दाखवलं होतं तेव्हा नीला म्हणाली होती, “अगं बाई, ही तर पाटी!” आणि खरोखर गुरुजींना त्यामुळेच ते जमलं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, त्याने एक ओळ उत्तर द्यायचं. स्वानंदने समजावलं होतं की काम इथे लिहायचं, पण ते चालतं कुठेतरी लांब, भाड्याच्या यंत्रावर. तुम्ही झोपा, गावाला जा, वीज जाऊ दे, ते ठरल्या वेळी आपलं काम करतं. काम लिहून झालं की एक आज्ञा द्यायची, की ते तिकडे जाऊन उभं राहतं. इंग्रजी शब्द काही गुरुजींच्या जिभेवर बसला नाही. ते म्हणाले, म्हणजे रुजू होतं. नव्या मास्तरला ऑर्डर मिळते, तो पिशवी घेऊन घनसावंगीच्या जीपमध्ये बसतो आणि शाळेत जाऊन सही करतो, तसं. तेव्हापासून त्यांच्या घरात कामं ‘रुजू’ व्हायला लागली. रोज दुपारी चारला ते दुसऱ्या दिवशीचं गणित लिहीत आणि ते रुजू करून उठत. नवी आज्ञा दरवेळी टंकायची गरज नव्हती. बाणाचं बटण दाबलं की कालची आज्ञा परत येई, तिच्यात फाइलीचं नाव बदललं की झालं. आज्ञा दिल्यावर पडदा विचारी: यादी अमुक, माणसं इतकी, पाठवू का? ‘वाय’ दाबलं की होकार.

गोळ्यांचं काम त्यांनी गुपचूप लिहिलं होतं. फक्त स्वतःसाठी, त्यासाठी एकाच नंबराची वेगळी यादी केली होती, आपल्या स्वतःच्या. लिहायला घेतलं तो मंगळवार होता, म्हणून मंगळवार लिहिला. वार रोज आपोआप कसा बदलायचा हे त्यांना येत नव्हतं, आणि स्वानंदला विचारावं तर तो म्हणणार, कशाला हवंय? कशाला हवंय, याचं उत्तर त्या चिठ्ठीच्या शेवटच्या तीन ओळींत होतं. त्या ओळी लिहिताना त्यांचा हात थांबला नव्हता. मुलाला ‘असं करू नकोस’ म्हणून सांगावं तशा त्या लिहिल्या गेल्या. विसरणं रोजचं नव्हतं. आठवड्यातून एखाददोन वेळा, बहुतेक दुपारी, उन्हं खिडकीतून टेबलावर आली की. गुरुजी हाक मारत, हाकेनंतरची शांतता थोडी लांबे आणि त्या लांबलेल्या शांततेत त्यांना एकेक गोष्ट परत कळत जाई: दवाखान्याचा जिना, चप्पल एकच सापडली होती ती, फेब्रुवारी. दरवेळी पहिल्यांदा कळावं तसं. चिठ्ठी त्यासाठी होती. सकाळीच एकदा कळलं की दुपारी कळायचं राहणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

पण ती पोरांच्या यादीवर गेली कशी? ‘वाय’ तर आपणच दाबला असणार. गुरुजींनी नोंदीची आज्ञा दिली. कोणतं काम कधी रुजू झालं, कुणी केलं, हे यंत्र लिहून ठेवी. नोकरीत असताना ऑफिसात त्यांचं एक सेवापुस्तक होतं, तसंच. नोंद आली. शुक्रवार, चार वाजून बारा मिनिटं: दीनानाथ, काम चिठ्ठी, यादी मुलं, माणसं बत्तीस, पाठवू का? आणि त्याच्याखाली, चार वाजून सोळा मिनिटं: वाय. म्हणजे बाण दाबून गणिताची आज्ञा परत आणली, फाइल बदलली, यादी बदलायची राहिली; एका यादीवर दिवसाला एकच काम जातं, म्हणून गणिताची जागा चिठ्ठीने घेतली. तेवढं समजण्यासारखं होतं. कुणाकडूनही झालं असतं. पण पडद्याने स्पष्ट विचारलं होतं, बत्तीस माणसं, पाठवू का? एका माणसाची चिठ्ठी बत्तीस जणांना कशी, हे चौथीतल्या पोरालाही खटकलं असतं. आणि आपण घाईने दाबलं असंही नाही. चार मिनिटं. बारा ते सोळा. त्या चार मिनिटांत आपण काय करत होतो?

गुरुजी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. वहीखाली फोन पुन्हा घरघरला आणि थांबला. चार मिनिटांत माणूस पाणी पिऊन येऊ शकतो. दारात कुणी आलं तर बोलू शकतो. त्यांनी डोळे मिटले आणि कालची दुपार शोधायला लागले, अंधारात चप्पल शोधावी तशी. ऊन टेबलावर आलं होतं. पडद्यावर प्रश्न होता. बोट ‘वाय’वर होतं. आणि मग एकदम त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, “नीला, जरा बघ गं, बरोबर आहे का.” बेचाळीस वर्षांत त्यांनी तिला दाखवल्याशिवाय कुठलाही कागद पुढे पाठवला नव्हता. घटक चाचणी असो, मुख्याध्यापकांना पत्र असो, आणि गेली चार-पाच वर्षं रोजचं गणित. ती सातवी शिकलेली. पण ती यायची. आधी हातातलं काम पुरं करायची, हात धुवायची, पदराला पुसत यायची, चष्मा नाकावर खाली ओढून ओठ हलवत वाचायची. यायला आणि वाचायला मिळून चार मिनिटं. आणि तिला काहीतरी सापडायचंच. आकडेमोडीत नाही, तिथे ती म्हणायची, तुमचं तुम्ही बघा. तिला सापडायचं ते वेगळंच. “रामप्रसादने बारा डझन केळी आणली म्हणता, घरात माणसं किती त्याच्या?” टाकी आणि नळाचं गणित तर तिने जन्मभर खपवून घेतलं नाही. “जालन्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, आणि तुमचा नळ रात्रंदिवस चालू. वर टाकीला खालून भोक. आधी ते भोक बुजवा म्हणावं, मग गणित घाला.” गुरुजी चिडायचे. पण टाकी जाऊन गणितात टँकर यायचा आणि पोरांना ते चटकन सुटायचं.

तर काल ते तिची वाट बघत बसले होते. आतून भांड्याचा आवाज येईल, मग नळाचा, मग पावलांचा. बोट ‘वाय’वर ठेवून, पाठ न वळवता, कारण वळून बघायची कधी गरजच पडली नव्हती. चार मिनिटं झाली. नेहमीएवढा वेळ झाला. ती काही बोलली नाही, म्हणजे आज चूक सापडली नसावी, असं त्यांना वाटलं असेल. आणि त्यांनी होकार दाबला. तिला हाक मारू नकोस, असं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी तिलाच हाक मारून तपासून घेतली होती.

हे सापडलं तेव्हा गुरुजींना आधी लाज वाटली नाही. हिशेब जुळल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. लाज नंतर आली, सावकाश, कानापासून. वडीगोद्रीच्या हायवेवरच्या चहाच्या टपरीवर आता बोलणं चाललं असेल, गुरुजींचं डोकं फिरलं. पोरं शाळेच्या वाटेवर असतील. शनिवार, सकाळची शाळा. इतक्यात फोन वाजला. गुरुजींनी वही उचलली. स्वानंद नव्हता. झुंबरबाई, असं नाव होतं, म्हणजे झुंबरबाईची नात आकांक्षा, पाचवीतली. एकदा वाजला, दोनदा वाजला, तिसऱ्यांदाही वाजत राहिला. स्वानंदचा फोन पालथा घालता आला. पण नियम मोडून पोरगी फोन करते आहे म्हटल्यावर हात आपोआप गेला.

“गुरुजी, मी आकांक्षा. चूक सापडली.”

“काय?”

“शनिवारची चूक हो. आज शनिवार हाये ना? तुमी लिव्हलंय मंगळवार. मला तर बराबर कळलं. बाकीचे नुसते दोन-दोन वाजवून राह्यले.”

गुरुजींना आठवलं. शनिवारच्या गणितात ते मुद्दाम एक चूक पेरत; शाळेत फळ्यावर पेरायचे तशीच. चूक शोधेल त्याने सुटीची घंटा वाजवायची, असा तिथला मान. आता घंटा नव्हती, म्हणून शोधणाऱ्याचं नाव सोमवारच्या गणितावर झळकायचं. पोरीने ती चिठ्ठी खालून वर, वरून खाली वाचली होती आणि तिच्यात जे शोधायला शिकवलं होतं तेच शोधलं होतं.

“बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले. आवाज नीट निघाला. “मंगळवार चूक.”

“अजून एक हाये. दोन सापडल्या तर नाव दोनदा टाकसाल का?”

“दुसरी कोणती?”

“शेवटची ओळ. हाक मारू नकोस म्हणून.” तिला आता वाटायला लागलं असावं की हे नुसतं गणित नाही. पण सुरू केलेलं उत्तर पुरं करायची सवय तिला गुरुजींनीच लावलेली. “त्यात चूक अशी हाये, की आमची आजी रोज शेतात जाताना आज्याच्या फोटोला हाक मारती. ‘अहो, येते बरं का, दार लावून घ्या,’ म्हन्ती. आजा जाऊन चार वर्सं झाले. अन् दार मीच लावते. मंग आजी काय येडी हाये का?”

मागून कपाशीच्या पिशव्या झटकल्याचा आवाज आला आणि झुंबरबाईचा. “कोन येडी ग? कुनाशी बोलू राह्यली? दे इकडं फोन जल्दी, बाया पुढं गेल्या!”

“गुरुजी हायेत, आजी!”

“मंग त्याहिला म्हनाव गोळी खाल्ली का. ती पांढरी का कोन्ती ती. सकाळधरनं वाचून राह्यली पोरगी, आमचंबी पाठ झालं.” आणि फोन बंद झाला.

गुरुजी उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शेगडीचं बटण बघितलं, बंद होतं. पोहे केले, त्याआधी पांढरी गोळी घेतली. खाऊन झाल्यावर पिवळी. मग हात धुऊन, पुसत पुसत परत आले आणि स्वानंदला फोन लावला.

“बाबा!” त्याने पहिल्या रिंगला उचलला. “कुठे होता तुम्ही? मी आठ वेळा...” मग तो थांबला. पलीकडे रस्त्याचा आवाज होता. “आईला हाक मारता तुम्ही?”

“मारतो.”

“विसरता?”

“कधी कधी. दुपारचं.” एवढं बोलल्यावर पुढचं सोपं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. दूध, खोकल्यात बुडवलेला ‘नी’, मंगळवार, बाण, बत्तीस आणि चार मिनिटं.

“मी आज निघतो,” स्वानंद म्हणाला.

“ये. न्यायला येऊ नकोस. वार आपोआप कसा बदलायचा ते शिकवायला ये.”

“डॉक्टरकडे जायचं. ते पुढे ढकलायचं नाही.”

“जाऊ. पण गणित?”

पलीकडे स्वानंदने नाक ओढलं. “गणित बंद नाही करत. पण एकट्याच्या होकारावर काही जाणार नाही आता. तुम्ही रुजू करा. ते आधी माझ्याकडे येईल, मी वाचेन, मी हो म्हटलं तरच पुढे. अशी सोय असते. आता गाडीत बसल्या बसल्या करून टाकतो. दोघांनी बघायचं.”

“आधी तसंच होतं,” गुरुजी म्हणाले.

दुपारी ऊन टेबलावर आलं. गुरुजींनी चिठ्ठीची फाइल उघडली. शेवटची ओळ खोडली. ‘नीला गेली. फेब्रुवारीत.’ एवढं राहू दिलं. ते खरं होतं. मंगळवार खोडून, पोरीने सांगितल्याप्रमाणे शनिवार लिहिला. बाण दाबला, यादी बदलली, आणि यादीचं नाव मोठ्याने वाचलं. पडद्याने विचारलं: यादी मी, माणसं एक, पाठवू का? त्यांनी ‘वाय’ दाबला. आणि आज पहिल्यांदाच पडद्यावर एक वेगळी ओळ आली: स्वानंदच्या होकाराची वाट पाहत आहे.

“नीला, जरा बघ गं, बरोबर आहे का,” गुरुजी म्हणाले. या वेळी ते खुर्ची वळवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले. दार रिकामं होतं. ओट्यावर सकाळची कढई होती, खुंटीवर तिचा नॅपकिन होता. त्यांनी तो बघितला, कढई बघितली आणि खुर्ची परत फिरवून वाट बघत बसले. पुण्याहून निघालेल्या गाडीत कुठेतरी एक माणूस चष्मा खाली ओढून वाचत असेल. ओठ हलवतो का तो वाचताना? लहानपणी हलवायचा. किती वेळ गेला ते त्यांनी मोजलं नाही. नोंद मोजत होतीच. मग पांढरी रेघ हलली.

स्वानंद: नाही. बाबा, हे जाणार उद्या सकाळी. उद्या रविवार.

गुरुजींनी ते वाचलं आणि मांडीवर थाप मारून हसले. “सापडली बघ,” ते दाराकडे वळून म्हणाले, आणि शनिवार खोडायला घेतला.